पाणी वरून आलं

एल्मीर पुन्हा अंगण झाडायला निघाली, आणि ओडीलच्या हातातली सुरी कांद्यावर जरा जास्तच जोरात पडली.

झाडण्याला कुणाची ना नाही. पण धाकट्या जावेने झाडावं कधी आणि कसं, याला काही रीत? इकडे ओडीलच्या दारात भिजलेल्या गाद्यांचा ढीग, फुगलेली कपाटं, पोट फाटलेला सोफा. आणि पलीकडे, कुंपणाला लागून, ही बाई पांढराशुभ्र एप्रन बांधून रस्त्याच्या बाजूचं अंगण झाडतेय, तेही दिवसातून तीनदा. बरं, झाडू मारताना मधूनच थांबायचं, कमरेवर हात ठेवायचा, ओडीलच्या ढिगाकडे बघायचं आणि मान हलवायची. जणू तो पूर ओडीलने बाजारातून विकत आणला होता.

"बघ तिला," ओडील म्हणाली. "पोप जेवायला यायचाय तिच्याकडे."

"आई, कांदा बारीक कर," वेर्ना म्हणाली. ही ओडीलची लेक, चर्चच्या पलीकडे राहणारी. पाणी ओसरल्यापासून रोज येत होती.

"कोरडं अंगण कुणी एवढं झाडतं का गं? तूच सांग. झाडायला कचरा तरी लागतो."

वेर्नाने आणखी एक कांदा तिच्यापुढे सरकवला. तिला ही सुरावट पाठ होती. सासऱ्यांनी जमिनीची पट्टी दोन मुलांत वाटली, तेव्हा वरचा भाग धाकट्याला दिला आणि खालचा थोरल्याला. वरचा भाग एक वीत उंच होता. त्या एका वितीवर दोन्ही जावांचं उभं आयुष्य भांडणात गेलं. दोघींचे नवरे गेले, सासरे तर कधीचेच गेले, पण ती वीत होती तिथेच होती. "आमच्याकडे नाही बाई पाणी येत," हे एल्मीरचं पालुपद. आणि ओडील दरवर्षी पुराच्या विम्याचा हप्ता भरायला निघाली की कुंपणावरून हाक यायची, "निघाल्या का जाऊबाई पाण्याला खंडणी द्यायला?"

गाडीच्या शेडमध्ये गॅसचा मोठा बर्नर मांडला होता, कारण स्वयंपाकघराची जमीन आता जमीन राहिली नव्हती. पुढच्या दोन खोल्या एक पायरी उंच, म्हणून वाचल्या. मागचं सगळं पाण्याने खाल्लं. ओडीलने काळ्या लोखंडी पातेल्यात तेल ओतलं, पीठ घातलं आणि लाकडी उलथन्याने हलवायला लागली. गंबोचं, म्हणजे इथल्या दाट रश्श्याचं, सगळं सुख या तेलात परतलेल्या पिठावर असतं. ते कॉफीच्या रंगावर येईपर्यंत हात थांबवायचा नाही. थांबला की जळलं, आणि जळलं की फेकून द्यायचं. ओडीलने आजवर कधी जाळलं नव्हतं. बाळंतकळा सुरू झाल्या असताना नाही, आणि तिचे यजमान होडीवरून पडल्याचा निरोप आला तेव्हाही नाही.

लुसियाँ फोन खिशात घालत आत आला. हा ओडीलचा थोरला मुलगा. बॅटन रूज शहरात नोकरी, इस्त्रीचा शर्ट, आणि बायूवर, म्हणजे या संथ ओढ्याकाठच्या गावी, आला की बुटांकडे बघत चालायची सवय.

"विमा कंपनीचा सर्व्हेअर निघालाय. अर्ध्या तासात येईल. आई, या वेळी तू बोलायचं नाहीस. मी बोलेन."

"घर माझं, पाणी माझं, बोलणार तू?"

"मागच्या वेळी बोललीस तेव्हा काय झालं?"

उलथनं जरा जोरात फिरलं. मागच्या वेळी झालं होतं ते असं. पाणी ओसरल्यावर ओडीलने स्वतः विमा कंपनीला फोन लावला. पलीकडे एक गोड आवाजाची पोरगी, कुठल्या तरी दूरच्या शहरातली. तिने विचारलं, आजी, पाणी कुठून आलं? ओडील म्हणाली, वरून. पोरगी म्हणाली, वरून? ओडील म्हणाली, वरून नाही तर काय! आमच्याकडे नेहमी वरूनच येतं. पोरीने तसं लिहून घेतलं.

आता बायूवर जन्मलेल्या माणसाला वर म्हणजे काय हे शिकवावं लागत नाही. पाणी जिकडून येतं ते वर, समुद्राकडे जिकडे जातं ते खाली. बाजार वर, चर्च खाली. कुणी मुलगी वरच्या गावात दिली, कुणी सून खालच्या गावातली आणली. पण त्या पोरीच्या शहरात वर म्हणजे छप्पर. कंपनीचं उत्तर आलं, की छपरातून गळलेलं पाणी म्हणजे पूर नव्हे, तुमच्या घराच्या साध्या विम्याकडे बघा. साध्या विम्याचा माणूस आला, छपराकडे बघितलं, पत्रा जागच्या जागी, एक डाग नाही. तो म्हणाला, हे जमिनीवरून आलेलं पाणी, आमचा संबंध नाही. दोन कंपन्यांनी ओडीलला चेंडूसारखं इकडून तिकडे टोलवलं. शेवटी लुसियाँने आवाज चढवला, तेव्हा कुठे पुराच्या कंपनीने पुन्हा बघायला माणूस पाठवायचं कबूल केलं.

"'पूर' एवढा एक शब्द म्हणायचा होता," लुसियाँ म्हणाला.

"पूर आला हे तिला माहीत नव्हतं? टीव्हीवर दाखवत होते."

"आई, आज नाही म्हणाले तर पुढे काही नाही. ही जमीन, भिंती, विजेच्या तारा, सगळं नव्याने करायचं. कुठून करणार? मग तू आमच्याकडे यायचंस. मागची खोली आहे."

"त्या खोलीत तुझी व्यायामाची सायकल आहे."

"सायकल हलवू."

"आजवर तिला कुणी हलवलेलं ऐकलं नाही."

वेर्ना हसली, मग हसू आवरून म्हणाली, "आई, दोन महिने राहून तर बघ."

ओडीलने पातेल्यातून नजर न काढता विचारलं, "तूसुद्धा?"

वेर्ना सेलरी चिरायला लागली. ओडीलला कळलं की भाऊ-बहिणीचं आधीच बोलणं झालंय, फोनवर, तिच्या पाठीमागे. बॅटन रूजच्या त्या घरात खालपासून वरपर्यंत गालिचा होता. दारापुढे बसायला ओटा नव्हता. शेजारणीचं नाव लुसियाँलासुद्धा माहीत नव्हतं. तिथे माणूस भांडणार कुणाशी?

तेवढ्यात कुंपणाचं फाटक वाजलं. एल्मीर आली, हातात पावाच्या पुडिंगची बशी. पुडिंग हे निमित्त, हे शेडमधल्या मांजरालाही समजलं असतं.

"लुसियाँ आला म्हटलं. बारीक झालास रे. बायको खायला घालत नाही का?"

"घालते काकू."

"मी ऐकलं थोडंसं. कान काही झाकता येत नाहीत. जाऊबाई, पोरगा बरोबर बोलतोय. वय झालं आता तुमचं."

"माझ्याहून तू फक्त चार वर्षांनी लहान आहेस," ओडील म्हणाली.

"चार वर्षांत खूप फरक पडतो."

"अकलेत पडलेला दिसला नाही."

एल्मीरने बशी ठेवली. ती जायला हवी होती, पण गेली नाही. ओडीलने तिच्या पायांकडे बघितलं. एल्मीर एरवी घरातसुद्धा चामड्याचे बूट घालून मिरवणारी बाई. आज पायात प्लास्टिकच्या चपला, आणि पावलं पांढरी, सुरकुतलेली, जास्त वेळ पाण्यात राहिलेल्या भांडेवालीच्या हातांसारखी. अंगाला ब्लीचचा वास. ओडीलच्या मनात जे कुंपणापलीकडे बघून रोज येत होतं, ते आज पक्कं झालं. ती पुन्हा पातेल्याकडे वळली. पीठ आता शेंगदाण्याच्या रंगावर आलं होतं.

सर्व्हेअरचं नाव व्हिटकम. उंच, उन्हाने लाल झालेला, कुठून तरी उत्तरेकडून आलेला, हातात टेप आणि फोन. आधी छपरावर चढून आला, मग घरात गेला, भिंतीवर तपकिरी रेघ होती ती मापली, जमिनीवर बूट दाबून बघितला. बाहेर आला तेव्हा चेहऱ्यावर सहानुभूती होती. ओडीलला सहानुभूतीची भीतीच वाटायची. सहानुभूती दाखवणारा माणूस सहसा नाही म्हणायला आलेला असतो.

"आजी, छप्पर ठीक आहे. नळ फुटलेला नाही. मग फोनवर तुम्ही वरून का म्हणालात?"

"कारण वरूनच आलं," ओडील म्हणाली.

"आई!" लुसियाँ म्हणाला.

"गप्प. साहेब, हा बायू. तिकडून वाहतो, इकडे जातो. तिकडे वर, इकडे खाली. वरच्या गावांत पाऊस कोसळला, मागचा नाला फुगला, आणि पाणी तिकडून जमिनीवरून चालत माझ्या दारात आलं. आता हे वरून नाही तर कुठून?"

व्हिटकम क्षणभर बायूकडे बघत राहिला. मग मोठ्याने हसला. "आमच्या ऑफिसातल्या कुणाला हे सुचलं नसतं." त्याने फोनमध्ये काहीतरी लिहिलं. "बरं. म्हणजे जमिनीवरून आलेलं पाणी. हे पुरात बसतं. पण अजून एक गोष्ट आहे. पॉलिसीत पूर कशाला म्हणायचं ते लिहिलंय. एरवी कोरडी असलेली दोन एकर जमीन पाण्याखाली जायला हवी, नाहीतर किमान दोन मालमत्ता, त्यातली एक तुमची. एकाच घरात पाणी आलं तर तो पूर धरता येत नाही. तुमची जागा दोन एकर नाही. खालच्या बाजूला कोण आहे?"

"सरकारी कालवा," लुसियाँ म्हणाला. "आणि समोरचा रस्ता बांधावर आहे, उंच. तिथे पाणी चढलं नाही."

"आणि वर?"

"दलदल. तिथे बारा महिने पाणी."

"ती नाही मोजता येणार. दलदलीच्या आणि तुमच्या मधे कोण?"

उलथनं फिरत राहिलं, बाकी सगळं थांबलं. लुसियाँने वेर्नाकडे बघितलं, वेर्नाने पुडिंगच्या बशीकडे, आणि मग सगळ्यांनी एल्मीरकडे.

"मी," एल्मीर म्हणाली. "पण माझ्याकडे? थेंब नाही. आमची बाजू उंच आहे. विचारा कुणालाही."

"काकू," लुसियाँ म्हणाला, "पाणी वरून आलं. दलदलीतून इकडे यायचं तर मधे तुमचं अंगण. ते काय बगळ्यासारखं उडत आलं?"

"ते पाण्याला विचार."

"मी शेजारच्या जागेत न विचारता जाऊ शकत नाही," व्हिटकम म्हणाला. "बाईंनी बोलावलं तर बघेन."

"बघायला आहे काय?" एल्मीरचा आवाज बारीक झाला. "जरा पसारा आहे घरात."

पसारा! एल्मीरच्या घरात! ओडीलला हसू आलं, आणि राग, आणि पाठोपाठ बॅटन रूजचा गालिचा. तिने उलथनं लुसियाँच्या हातात कोंबलं.

"हलवत राहा. फोन वाजला तरी हलवत राहा." मग एप्रनला हात पुसून म्हणाली, "साहेब, तुम्ही आल्यापासून कुणी कॉफी विचारली नाही. लाज वाटते मला. माझी चूल पाण्याने नेली, आणि या एका बर्नरवर हे बसलंय. पण माझी जाऊ पाजेल तुम्हाला. कॉफीला ती कुणाला नाही म्हणत नाही."

एल्मीरचा रंग उडाला. बायूवर दारातल्या माणसाला कॉफी नाकारणं म्हणजे स्वतःच्या हाताने घरावर बदनामीची पाटी लावणं. त्यांच्या सासूने तर होडी जप्त करायला आलेल्या शिपायालाही दोन कप पाजले होते, आणि त्याने होडी नेल्यावर मागून ओरडून विचारलं होतं, तिसरा हवा का म्हणून.

"दूध संपलंय माझ्याकडे," एल्मीर म्हणाली.

"मी काळीच पितो," व्हिटकम म्हणाला.

"साखरही..."

"साखर मी आणते, काकू," वेर्ना पटकन उठली, आणि जाता जाता तिने आईकडे असं काही बघितलं, की ओडीलला मगाचं 'तूसुद्धा' मागे घ्यावंसं वाटलं. लगेच नाही. संध्याकाळपर्यंत.

एल्मीरच्या स्वयंपाकघराच्या दारात ब्लीचचा वास भिंतीसारखा उभा होता. आत पाय टाकला तशी जमीन हळूच खाली गेली आणि सुस्कारा टाकत वर आली. टेबलाचे पाय विटांवर. खुर्चीवर उशी आणि घडी केलेली गोधडी. म्हणजे ही बाई खुर्चीत झोपत होती. आणि भिंतींवर संत.

संत या घरात नेहमीच होते. पण ते डोक्याच्या वर असायचे, जिथे संतांनी असावं. आता सगळे खाली उतरले होते. सेंट अँथनी, सेंट जोसेफ, सेंट ॲन, मारियामाता, आणि त्यांच्यात जागा कमी पडली म्हणून चर्चच्या जत्रेचं जुनं कॅलेंडर. सगळे एका ओळीत, गुडघ्याच्या उंचीवर, भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, एकमेकांना चिकटून.

व्हिटकमने त्यांच्याकडे बघितलं. मग फारच सभ्यपणे विचारलं, "तसबिरी जरा खाली लावल्यात?"

"मी गुडघे टेकून प्रार्थना करते," एल्मीर म्हणाली. "डोळ्यांसमोर आलेले बरे."

उत्तर इतकं झकास होतं की ओडीलला टाळी द्यावीशी वाटली. वेर्नाने साखरेचा डबा तोंडापुढे धरला. एल्मीरने पाठ फिरवून कॉफी गाळायला घेतली.

सेंट अँथनी ओडीलच्या हाताशीच होता. हरवलेली वस्तू शोधून देणारा संत. त्याची चौकट खालून फुगली होती. नुसतं बोट लावलं असतं तरी खिळ्यावरून सुटली असती, आणि मागची रेघ साहेबाला दिसली असती. रेघ दिसली की पूर झाला, पूर झाला की जमीन, भिंती, चूल, सगळं उभं राहिलं असतं, आणि व्यायामाची सायकल आपल्या खोलीत सुखाने राहिली असती.

ओडीलने हात पुढे केला. मग तो हात एप्रनच्या खिशात घातला.

जावेला कुंपणावरून काय वाटेल ते बोलावं. पण तिच्या स्वयंपाकघरात, तिच्या हातची कॉफी पिता पिता, परक्या माणसासमोर नाही. एवढं तरी सासूने दोघींना शिकवलं होतं.

"साहेब," ती म्हणाली, "कॉफी संपवा आणि चला. हिच्याकडे पाणी आलं नाही म्हणते ना, मग आलं नसेल. मी जाईन बॅटन रूजला."

वेर्नाचा डबा खाली आला. "आई?"

"दोन महिने राहून बघेन. तूच म्हणालीस ना?"

कॉफी कपाबाहेर सांडत होती. एल्मीर भांडं तसंच तिरकं धरून उभी होती.

"जाशील?" ती म्हणाली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा जाऊबाई नाही, तुम्ही नाही. "खरंच जाशील?"

"मग काय तरंगत राहू इथे?"

"आणि मी? मी कुणाला ऐकवू, आमच्याकडे पाणी येत नाही म्हणून? कालव्याला?"

तिने भांडं ठेवलं. वाकायला वेळ लागला, गुडघे कुरकुरले. सेंट अँथनी काढला, मग जोसेफ, मग ॲन, एकेकाला पुसून टेबलावर ठेवत गेली. मारियामातेपुढे क्रूस केला आणि तिलाही उचललं. भिंतभर एक सरळ तपकिरी रेघ उरली, ओडीलच्या घरातल्या रेघेची सख्खी बहीण. फक्त एक वीत खाली.

"काढा तुमचा फोटो," एल्मीर व्हिटकमला म्हणाली. "आणि लवकर काढा."

त्याने टेप लावली, फोटो काढले, अंगणाच्या मागच्या बाजूचा गाळ बघितला. मग हळूच विचारलं, "बाई, तुमचा विमा कुठल्या कंपनीकडे?"

एल्मीरने उत्तर दिलं ते ओडीलकडे बघून. "बँकेचं कर्ज होतं तोवर बँक भरायला लावायची. कर्ज फिटलं, तसा मी बंद केला. वाटलं, एक वीत आहे ना. वरच्या पावसाची बातमी आली तेव्हा फोन केला होता मी. ते म्हणाले, आज काढलात तरी तीस दिवसांनी लागू होईल. मी म्हटलं, ठीक आहे, मी पाण्याला सांगते थांबायला."

"थांबलं नाही ना?" वेर्ना म्हणाली.

"दुसऱ्या दिवशी दुपारीच आलं मेलं."

व्हिटकम अवघडून उभा राहिला. तिच्यासाठी त्याच्याकडे काही नव्हतं, आणि ते त्याने लपवलं नाही. मग ओडीलला म्हणाला, "आजी, तुमचं काम होईल असं मी लिहितो. घराचा आणि सामानाचा विमा वेगळा असतो, बहुतेक लोक फक्त घराचा काढतात. तुम्ही दोन्ही काढलेत."

"दरवर्षी वेर्ना वाचते आणि मी कोळंबी सोलते. कुंपण मिळत नाही, अंजिराचं झाड मिळत नाही, गाडी मिळत नाही, दुसरीकडे राहायला गेलं तर त्याचं भाडं मिळत नाही. फ्रीझर मिळतो, आणि फ्रीझरमधली कोळंबीही मिळते."

"बरोबर."

"भरपूर कोळंबी होती," ओडील म्हणाली. "लिहा."

तेवढ्यात कुंपणापलीकडून वास आला, आणि मागोमाग लुसियाँची हाक. "आई! हे काळं व्हायला हवं होतं का?"

"जाळलंन," वेर्ना म्हणाली आणि धावली. व्हिटकमने कप खाली ठेवला, टोपी काढून दोघींना मान लववली आणि तिच्या मागे निघाला.

दोघी उरल्या. एल्मीर खुर्चीवरच्या गोधडीवर बसली, संतांकडे पाठ करून. एप्रनचं टोक डोळ्याला लावलं आणि म्हणाली, "बोल आता. कधीची वाट बघतेयस. मनसोक्त बोल."

ओडीलने त्या बसक्या जमिनीवरून चालत जाऊन गोधडी ओढून घेतली, काखेत मारली, मग सेंट अँथनीलाही उचललं. दाराशी जाऊन वळली.

"एल्मीर, तू खोटारडी आहेस, चिक्कू आहेस, आणि तुझी कॉफी पाणचट आहे. गावातली पोरं माझी जमीन घालायला येतील तेव्हा तुझीही घालतील, आणि तू त्यांना रोज जेवू घालशील. पुढच्या महिन्यात वेर्नाबरोबर जाऊन विमा काढायचा, आणि तो लागू होईपर्यंत तीस दिवस तोंड बंद ठेवायचं. तोवर माझ्या पुढच्या खोलीत झोपायचं. वरून जे येतं ते शेवटी माझ्याच दारात येतं. पाणी आलं, आता तू ये. फक्त पाय पुसून ये."